ओव्हरक्लॉक केलं म्हणून अख्खी वॉरंटी का जावी?

प्रश्न असा आहे. जुळे सोलापुरात राहणाऱ्या, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाने हातात धरून खेळायचा गेमिंग पीसी घेतला. नेटवरून एक टूल उतरवून जीपीयूचा, म्हणजे पडद्यावरची चित्रं काढणाऱ्या चिपचा, क्लॉक म्हणजे चालायचा वेग वाढवला (यालाच ओव्हरक्लॉक करणं म्हणतात), सोबत थोडं व्होल्टेजही चढवलं. कंपनीच्या अ‍ॅपमधली वॉटची पट्टीही ओढली होती. काही महिने मजेत गेले. मग अंगठ्याने फिरवायची डावी स्टिक हात न लावता एका बाजूला सरकायला लागली, म्हणजे सगळे ज्याला ड्रिफ्ट म्हणतात ते. यंत्र कुरिअरने सर्व्हिस सेंटरला गेलं आणि 'अनधिकृत ओव्हरक्लॉकिंग आढळले, वॉरंटी लागू नाही' असा शेरा घेऊन जसंच्या तसं परत आलं. ओव्हरक्लॉक केल्याने वॉरंटी जावी का, आणि आता काय करायचं, असं त्याचं विचारणं आहे.

पीएसपी या हातातल्या गेम कन्सोलच्या काळापासून मी नवी पेठेत असली यंत्रं उघडत बसलोय, तेव्हा आधी सरळ उत्तर देतो. स्टिकची वॉरंटी जायला नको होती. पण हीच मुख्य चिप जळली असती, तर कंपनीशी भांडायला जा असं मी तुला सांगितलं नसतं. ही दोन्ही उत्तरं एकाच माणसाची कशी, हे कळायला थोडं आत शिरावं लागेल.

चिपवर छापलेला क्लॉक हा त्या एका चिपची ताकद मोजून लिहिलेला आकडा नसतो. सिलिकॉनच्या एकाच चकतीवरून, म्हणजे वेफरवरून, कापलेल्या चिपही एकसारख्या निघत नाहीत. काही कमी व्होल्टेजवर पळतात, काहींना जास्त लागतं. कारखाना त्यांची प्रतवारी लावतो, आणि त्या प्रतीतली सगळ्यात कमजोर चिप, सगळ्यात तापलेल्या दिवशी, काही वर्षं वापरून झाल्यावरही चुकणार नाही असा आकडा ठरवतो. त्यामुळे बहुतेक चिपमध्ये वर थोडी जागा उरलेली असते. पोरांना वाटतं ती फुकट पडून आहे. तशी ती नसते. चिप वयानुसार मंदावणार हे धरून ठेवलेली ती तरतूद असते, आणि कंपनी वॉरंटीचा शब्द देते तो तिच्या जोरावरच. ओव्हरक्लॉक करणारा या तरतुदीला हात घालतो, हे आधी मान्य करायला हवं.

आता दुसरी बाजू. वेग वाढवला की यंत्र मेलंच, असं मानणाऱ्यांनी सोनीचं पीएसपी आठवावं. त्याचा प्रोसेसर ३३३ मेगाहर्ट्झवर पळू शकत होता, पण सुरुवातीला गेमना २२२ पर्यंतच परवानगी होती. पोरांनी बदललेलं फर्मवेअर, म्हणजे यंत्राचं आतलं सॉफ्टवेअर, टाकून ३३३ गाठलं. मग २००७ मध्ये ३.५० क्रमांकाच्या फर्मवेअरने सोनीनेच ते कुलूप काढलं. काल जे केल्यावर वॉरंटी गेली म्हणायचे, तेच आज अपडेटमधून घरपोच आलं, आणि आतली चिप तीच होती. निन्टेन्डो स्विचचंही तसंच. त्या कन्सोलचा सीपीयू, म्हणजे मुख्य प्रोसेसर, एरवी १०२० मेगाहर्ट्झवर चालतो. २०१९ मधल्या एका अपडेटनंतर काही गेम लोड होताना तो तात्पुरता १७८५ पर्यंत जाऊ लागला. नुसता क्लॉकचा आकडा वर गेला एवढ्यावरून यंत्राचं नुकसान झालं असं म्हणता येत नाही, हे कंपन्यांनीच दाखवून दिलंय.

कुठवरचा बदल चालेल आणि कुठून पुढे नाही, ही रेघ सगळ्यात नीट कुणी ओढली असेल तर रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक बनवणाऱ्यांनी. सप्टेंबर २०१२ मध्ये त्यांनी ७०० मेगाहर्ट्झची चिप १ गिगाहर्ट्झपर्यंत नेणारा टर्बो मोड दिला आणि याने वॉरंटीला धक्का लागणार नाही असं जाहीर करून टाकलं. अट एवढीच की चिप ८५ अंशांवर गेली की टर्बो आपोआप उतरणार. पण कुणी तो पहारा बाजूला सारून टर्बो कायमचा चालू केला आणि वर व्होल्टेजही चढवलं, तर चिपमध्ये एक बिट, म्हणजे एक खूण, कायमचं लिहिलं जायचं, आणि मग वॉरंटीचं नाव काढायचं नाही. इतका स्वच्छ हिशोब मी दुसऱ्या कुणाच्या वॉरंटी कार्डावर वाचलेला नाही.

व्होल्टेजवर एवढा राग का, ते आकड्यात बघ. चिप जी वीज खाते तिचा मोठा भाग क्लॉकच्या सरळ प्रमाणात वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समज, तुझा जीपीयू १६०० मेगाहर्ट्झवरून १८०० वर नेला. नुसत्या क्लॉकने वीज साडेबारा टक्के वाढेल. १५ वॉटचे साधारण १७ होतील. त्यासोबत व्होल्टेज १० टक्के चढवलं, तर १.१२५ गुणिले १.२१, म्हणजे ३६ टक्के. १५ चे २० वॉट झाले. तेवढीच तांब्याची नळी, तेवढाच बोटभर पंखा, आणि उष्णता एक तृतीयांशाहून जास्त. सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम किती वाढल्या? बहुतेक गेममध्ये मेमरीच आधी दम टाकते, त्यामुळे हातात पाच-सात फ्रेम पडल्या तरी खूप.

शिवाय नुसत्या उष्णतेवर भागत नाही. चिपमधल्या केसाहून कितीतरी बारीक तारांमधून प्रवाह जास्त गेला की धातूचे अणू हळूहळू सरकतात. एकीकडे पोकळी पडते, दुसरीकडे ढीग जमतो. याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात. जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस याचं सूत्र मांडलं. त्यात तारेचं आयुष्य प्रवाहाच्या घनतेबरोबर घटतं आणि तापमानाबरोबर तर फारच वेगाने घटतं. ट्रान्झिस्टरच्या गेटखालचा ऑक्साइडचा थर व्होल्टेजने झिजतो ते वेगळंच. ही झीज भरून येत नाही. आणि चिप एका रात्रीत जळत नाही, तेच फसवं आहे. आधी जो क्लॉक आरामात चालायचा तो हँग व्हायला लागतो. माणूस आणखी थोडं व्होल्टेज देतो. मग तेही पुरत नाही. माझ्याकडे येईपर्यंत कंपनीच्या मूळ सेटिंगवरही यंत्र गेम उघडताना बंद पडत असतं. अशा वेळी गिऱ्हाईक म्हणतं, 'काका, आता तर सगळं स्टॉकवर आहे.' आहे रे, पण चिप स्टॉकची राहिलेली नाही.

बॅटरीचंही गणित सांगून टाकतो, कारण तिकडे कुणी बघत नाही. बॅटरीच्या आत होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. दीडपट प्रवाह ओढलास तर आतली उष्णता सव्वादोन पट. ४० वॉट-अवरच्या बॅटरीवर चिप, स्क्रीन, पंखा मिळून ४० वॉट खेचायला लागलास तर तासात ती रिकामी, आणि वर चार्जर लावून खेळणार. लिथियम-आयन सेल चार्ज करायची कमाल मर्यादा बहुतेक ठिकाणी ४५ अंश धरतात. मे महिन्यात दुपारी आपल्या खोलीतच ४० असतं, आता तूच बघ.

हे झालं चिप, तिच्या शेजारचा पॉवर सेक्शन आणि बॅटरी यांच्याबद्दल. तुझी स्टिक यात कुठेच नाही. स्टिकच्या आत दोन पोटेन्शियोमीटर असतात, एक आडव्या हालचालीचा आणि एक उभ्या. कार्बनच्या पट्टीवरून धातूची बारीक जीभ घासत फिरते आणि जागेप्रमाणे व्होल्टेज बदलतं. पट्टी घासली, जिभेचा दाब कमी झाला, मधे कचरा गेला, की मध्यबिंदू सरकतो आणि पडद्यावरचा माणूस आपणहून चालायला लागतो. जीपीयू १६०० वर आहे का १८०० वर, हे त्या कार्बनच्या पट्टीला कळायचा मार्ग नाही. आपल्याकडे तर आणखी एक कारण आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीकडून किंवा जिथे घराला लागून माग आहेत तिथून आलेलं यंत्र उघडलं की पंख्यात आणि स्टिकच्या खोबणीत सुताची रुई निघते. ती तेलकट असते, फुंकरीने जात नाही. त्या घरात ओव्हरक्लॉक न केलेल्या यंत्रालाही ड्रिफ्ट होतो.

म्हणून मी यंत्राकडे नुसतं 'यंत्र' म्हणून बघत नाही, भाग बघतो. स्टिक, बटणं, स्पीकर, स्क्रीनवरची रेघ, ढिला झालेला टाइप-सी पोर्ट यांचा क्लॉकशी संबंध नाही. मुख्य चिप, तिला वीज देणारे मॉस्फेट आणि कॉइल, फुगलेली बॅटरी यांच्याबाबत संशय घ्यायला जागा आहे. मधले काही भाग मात्र खरोखर वादाचे. पंख्याचं बेअरिंग, चिपजवळ बसवलेली एसएसडी, मेमरी कार्डचा स्लॉट. २०२३ मध्ये आरओजी अ‍ॅलाय हा हातातला गेमिंग पीसी नवा असताना तो बनवणाऱ्या एसुसने स्वतः मान्य केलं होतं की ठराविक तापमानाच्या ताणाखाली काही यंत्रांचा एसडी कार्ड रीडर बिघडू शकतो, आणि त्यावर पंख्याचा वेग वाढवणारं अपडेट दिलं. तिथे क्लॉकला हात न लावलेल्या गिऱ्हाइकांचेही स्लॉट गेले. आता तसा स्लॉट गेलेल्या माणसाने कधीतरी क्लॉक वाढवलेला असेल, तर दोष कुणाचा? मांडणीचा की माणसाचा? इथे खरंच तपासावं लागतं. नियमाच्या एका ओळीने उत्तर मिळत नाही.

तापून मेलं म्हणजे माणसाने तापवलं, असाही सरसकट निष्कर्ष निघत नाही. एक्सबॉक्स ३६० ला तर गिऱ्हाइकाने क्लॉक वाढवायची सोयच नव्हती, तरी ते तीन लाल दिवे दाखवून ढिगाने बंद पडले. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्या बिघाडापुरती वॉरंटी तीन वर्षांची केली आणि एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला ठेवली.

आता सोलापूरचा मुद्दा, जो पुण्या-बंगळुरूच्या सर्व्हिस सेंटरमध्ये एसीत बसलेल्या माणसाच्या डोक्यात येत नाही. जुलै २०२२ मध्ये युरोपात उष्णतेची लाट होती, तेव्हा स्टीम डेक हा हातातला गेमिंग पीसी बनवणाऱ्या व्हॉल्व्हने सांगितलं होतं की यंत्र ० ते ३५ अंश बाहेरच्या तापमानात सर्वांत चांगलं चालतं. त्यापुढे ते स्वतःला वाचवायला वेग कमी करू शकतं. चिप १०० अंशांपर्यंत चालेल, १०५ ला यंत्र बंद होईल. बहुतेक कंपन्या ३५ चाच आकडा देतात. आपल्याकडे मार्चच्या मध्यापासून दुपारी ३५ ओलांडतं ते पाऊस पडेपर्यंत. एप्रिल-मे मध्ये ४२ म्हणजे नेहमीचंच, आणि पत्र्याच्या घरात त्याहून वर. एक हिशोब करू. समज, एखाद्या यंत्राचा कूलर दर वॉटमागे चिप ३ अंश वर जाऊ देतो. सोलापुरात ४२ अंशांच्या खोलीत, क्लॉकला हात न लावता, १५ वॉटवर खेळणाऱ्याची चिप ४२ अधिक ४५, म्हणजे ८७ अंशांवर. महाबळेश्वरला २२ अंशांत बसून ओव्हरक्लॉक करून २० वॉट ओढणाऱ्याची २२ अधिक ६०, म्हणजे ८२. कमी तापलेल्या चिपची वॉरंटी रद्द आणि जास्त तापलेल्या चिपची शाबूत, असा हा नियम आहे. उद्या कंपनीने 'तुम्ही सोलापुरात राहता, वॉरंटी लागू नाही' असा शेरा मारला तर आपण हसू. पण 'टूल सापडलं, वॉरंटी लागू नाही' हा शेरा त्याच जातीचा आहे. नेमकं काय बिघडलं आणि कशामुळे, हा प्रश्न दोन्हीकडे विचारलेलाच नसतो.

व्होल्टेजला तरीही मी माफी देत नाही. कारण तापमानाचा पहारा चिपमध्ये बसवलेला असतो, तापली की ती स्वतः वेग उतरवते. पण बाहेरच्या टूलने चढवलेल्या व्होल्टेजवर तसा पक्का पहारा नसतो. ते तू मुद्दाम, सावधानतेची खिडकी 'ओके' करून केलेलं असतं.

यात एक गंमतीची जमात आहे, अंडरव्होल्ट करणाऱ्यांची. व्होल्टेज थोडं कमी करायचं, म्हणजे तोच क्लॉक कमी उष्णतेत मिळतो, पंखा शांत राहतो, बॅटरी जास्त चालते. फार कमी केलं तर यंत्र हँग होतं, चालू असलेली फाइल बिघडू शकते, पण चिपची झीज उलट घटते. स्टीम डेकच्या बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, तर व्हॉल्व्हने नंतर ही सोय स्वतःच दिली. तरीही 'व्होल्टेजमध्ये बदल आढळला' या एका रकान्यात हे लोकही अडकतात. यंत्राचं आयुष्य वाढवणाऱ्याला आणि घटवणाऱ्याला एकच शिक्षा देणारा नियम कारण बघून केलेला नसतो, सोय बघून केलेला असतो.

तसंच कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये वॉटची जी पट्टी दिलेली असते ती ओढणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग नव्हे. आरओजी अ‍ॅलायमध्ये टर्बो मोड बॅटरीवर २५ वॉट आणि चार्जर लावून ३० वॉट देतो. त्याने चिप तिच्या ठरलेल्या कमाल वेगाच्या आतच जास्त वेळ राहते. जाहिरातीत तोच टर्बो दाखवून यंत्र विकतात. यावरून कुणी वॉरंटी नाकारली तर क्षणभरही ऐकून घेऊ नकोस. तुझ्या पत्रात दोन्ही गोष्टी एकत्र लिहिल्या आहेत, वॉटची पट्टी आणि बाहेरचं टूल. त्या वेगळ्या कर. पहिलीबद्दल सफाई द्यायचं कारण नाही.

कंपनीची अडचणही सांगतो, कारण ती खोटी नाही. ओव्हरक्लॉकने झिजलेली चिप आणि मुळातच कमजोर निघालेली चिप, दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात. मी बोर्ड सप्लायवर लावतो, करंट बघतो, मल्टिमीटरने चिपच्या मुख्य लाइनचा रेझिस्टन्स मोजतो, थर्मल कॅमेऱ्यात कुठला ठिपका आधी पेटतो ते बघतो. त्यावरून चिप शॉर्ट आहे का एखादा कपॅसिटर, एवढं पक्कं सांगता येतं. का शॉर्ट झाली, हे माझ्या बाकावर शंभर टक्के कळत नाही, आणि सर्व्हिस सेंटरच्या टेबलावरही कळत नाही. तिथे तर बोर्ड दुरुस्तच करत नाहीत, अख्खा बदलतात. अशा यंत्रात प्रोसेसर, मेमरी सगळं त्याच बोर्डावर, म्हणजे बोर्डाची किंमत यंत्राच्या निम्म्याच्या आसपास जाते. आणि गिऱ्हाईकही काही कमी नसतं. चिप जाळायची, सगळं रिसेट मारायचं आणि काउंटरवर भोळ्या चेहऱ्याने 'आपोआप बंद पडलं' म्हणायचं, ही कला सोलापुरात पुष्कळांना येते. सतत असं सोसावं लागलं की कंपनी सरसकट कलम लिहून मोकळी होते.

पण यावर उपाय आहे, आणि तो कंपन्यांच्याच हातात आहे. एएमडीच्या थ्रेडरिपर ७००० प्रोसेसरमध्ये ओव्हरक्लॉकिंग चालू केलं की खूण म्हणून एक फ्यूज कायमचा उडतो. २०२३ च्या नोव्हेंबरात यावर गदारोळ झाला, तेव्हा एएमडीने खुलासा केला की फ्यूज उडाला म्हणून वॉरंटी रद्द होत नाही. ओव्हरक्लॉकने किंवा व्होल्टेज वाढवल्याने जे नुकसान होईल तेवढं वॉरंटीत बसत नाही, त्याच्याशी संबंध नसलेला दोष बसू शकतो. माझं म्हणणं हेच आहे. इंटेलने २०१२ पासून काही वर्षं वेगळा मार्ग चालवला होता. थोडे जादा पैसे भरा, ओव्हरक्लॉक करून प्रोसेसर गेला तर एकदा बदलून देऊ. २०२१ मध्ये ती योजना बंद केली, पण हा धोका पैशांत मोजता येतो आणि विकताही येतो, हे तोवर सिद्ध झालं होतं. हातातल्या यंत्रांना असं काही का देत नाहीत? आणि जी लॉग फाइल दाखवून तुला दोषी ठरवलं, तिच्यात तू ओव्हरक्लॉक केलंस एवढंच असेल तर ती अर्धवट आहे. किती व्होल्टेज, किती वेळ, कमाल तापमान किती, हेही नोंदता येतं. नोंदवा आणि गिऱ्हाइकालाही दाखवा. मग चिप कुणी मारली यावर भांडण उरणार नाही, आणि खोटं बोलणाराही तिथेच पकडला जाईल.

आपल्या गावच्या भाषेत सांगायचं तर हा यंत्रमागाचा प्रश्न आहे. मालकाने पुली बदलून माग जोरात पळवला आणि धोटा फुटला, पिकर तुटला, तर माग विकणाऱ्याने का भरून द्यावं? पण त्याच मागाच्या बिडाच्या चौकटीत ओतकामाचा दोष निघाला आणि विकणारा 'तू पुली बदललीस' म्हणाला, तर भवानी पेठेत त्याला कुणी दुसरा माग विकू देईल का?

कायद्याचं थोडक्यात. मी वकील नाही, पण गिऱ्हाइकांमुळे जेवढं शिकावं लागलं तेवढं सांगतो. अमेरिकेत १९७५ चा मॅग्नुसन-मॉस कायदा आहे. त्याच्या आधारे तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१८ मध्ये सहा कंपन्यांना बजावलं की सील तोडलं, दुसऱ्याचा सुटा भाग वापरला एवढ्यावर वॉरंटी रद्द म्हणू नका. लोक तो दाखला इथे फेकतात, पण तो कायदा आपल्याला लागू नाही, आणि त्याचा रोख ओव्हरक्लॉकवर नसून दुरुस्तीवर आहे. आपल्याकडे आधार आहे तो ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा. त्यात अनुचित कराराच्या व्याख्येत एक कलम असं येतं: करारभंगाने दुसऱ्या बाजूचं जेवढं नुकसान झालं त्याच्या तुलनेत अगदीच बेसुमार दंड ग्राहकावर लादणं. स्टिकसारख्या किरकोळ भागाच्या दोषासाठी अख्ख्या यंत्राची वॉरंटी काढून घेणं त्यात बसतं, असा युक्तिवाद करता येईल. फक्त एक गोम आहे. अनुचित कराराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगापुढे चालत नाही, राज्य आयोगाकडे जावं लागतं. म्हणून सोलापूरच्या जिल्हा आयोगात जायचं असेल तर तक्रार 'वस्तूतला दोष आणि सेवेतली त्रुटी' अशी मांडायची. तू राहतोस तिथेच ती दाखल करता येते, कंपनीचं ऑफिस कुठे का असेना. मुदत दोन वर्षं. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. दोष तपासल्याशिवाय कळत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. कायद्यात त्या अहवालाला ४५ दिवस दिलेत, आणि तपासणीची फी आधी तुला भरायला सांगू शकतात. तीच तपासणी तुझ्या फायद्याची आहे, कारण स्टिकचा दोष उघडा आहे. चिप गेलेल्या माणसाला मात्र हीच तपासणी अडचणीत आणेल. याच कायद्यात आणखी एक ओळ आहे, ती लक्षात ठेव. वस्तूत बदल केलेला असताना तिच्यामुळे इजा झाली, तर उत्पादन दायित्वाचा दावा विक्रेत्यावर लागत नाही. व्होल्टेज चढवलेल्या यंत्राची बॅटरी उद्या फुटली तर ही ओळ तुझ्या विरोधात जाईल.

परदेशातून कुणाकरवी मागवलेली यंत्रं, ऑनलाइन घेतलेले छोटे रेट्रो कन्सोल यांना इथे कंपनीची वॉरंटीच नसते. विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर सगळं चालतं. त्यांच्यापुरता हा सगळा वाद निरर्थक आहे.

आता तू काय करायचं ते सांगतो. पहिलं, टूल काढून सगळं कंपनीच्या सेटिंगवर आण. हे लपवणं नव्हे. मूळ सेटिंगवरही ड्रिफ्ट तसाच आहे हे दाखवायला ते लागतं. कंट्रोलर तपासायच्या स्क्रीनवर हात न लावता सरकणारा ठिपका दिसेल असा अखंड व्हिडिओ काढ, मधे कापू नकोस. दुसरं, क्लॉक वाढवला होता हे नाकारू नकोस. त्यांच्याकडे नोंद आहे. तू एकदा खोटं बोललास की खरी बाजूही खोटी दिसते. मग ईमेल कर, फोन नको. त्यात तीन प्रश्न विचार. स्टिक मॉड्यूलमध्ये नेमका कोणता दोष आढळला? तो दोष जीपीयूच्या क्लॉकमुळे झाला असं कोणत्या तपासणीवरून ठरवलं? आणि जॉबशीटवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर, ही तपासणी का लिहिलेली नाही? यांची लेखी उत्तरं द्यायची म्हटल्यावर काउंटरवरच्या माणसाला प्रकरण वरच्याकडे पाठवावंच लागतं, आणि वरचा माणूस एका स्टिकसाठी आयोगात उभं राहायचं का, याचा विचार करतो. पंधरवड्यात काही हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदव. तिथून पुष्कळ प्रकरणं आयोगापर्यंत न जाताच मिटतात. नाही मिटलं तर ऑनलाइन तक्रार आहेच.

एखादे वेळी कंपनी मधला मार्ग सुचवेल. स्टिक बदलून देतो, पण मुख्य चिप, पॉवर सेक्शन आणि बॅटरी यांची वॉरंटी यापुढे नाही, असं लिहून द्या. असा निरोप आला तर फार ताणू नकोस, सही करून टाक. व्होल्टेज तू चढवलं होतंस, तेवढा भार तुझा. फक्त 'बाकी सर्व भागांची वॉरंटी कायम' ही ओळ त्या कागदावर आहे ना, ते बघ.

आणि तोवर यंत्र उघडू नकोस, माझ्याकडेही आणू नकोस. स्टिक बदलणं तासाभराचं काम आहे. चुंबकावर चालणारी हॉल इफेक्ट स्टिक मिळाली तर ती बसवता येते, तिच्यात घासणारी कार्बनची पट्टी नसते, म्हणून हा त्रास पुन्हा सहसा होत नाही. पण आज सील तुटलं तर क्लॉकचा मुद्दा राहील बाजूला, आणि कंपनीच्या हाती तुझ्याविरुद्ध दुसरं आयतं कारण पडेल. त्यांचा शेवटचा नकार लेखी हातात आल्यावर ये.